शरीफुन्निसाचं जुनं तोंड

पहिल्या रांगेतली खुर्ची दाखवत नझीर म्हणाला, "आये, इथं बस. ही जागा खास तुझ्यासाठी ठेवलीय." शरीफुन्निसाला वाटलं, चला, चाळिशीला टेकल्यावर का होईना, आईला कुठं बसवायचं ते पोराला कळलं. मग ती ऐसपैस बसली. ओढणी सारखी केली, पर्स मांडीवर घेतली आणि मान वळवून हॉलभर एक नजर फिरवली. बघायचं होतं म्हणून नाही, लोकांनी आपल्याला बघावं म्हणून.

मनामातलं मोठं हॉटेल, जमिनीवर पाय रुतेल असा गालिचा. पुढं इस्पितळाचे डॉक्टर आणि पांढऱ्या पायघोळ थोबातले बडे अरब, मागं आपली जमात. रत्नागिरी, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, जिथलं जिथलं माणूस बहारीनमध्ये पोटाला आलेलं होतं तिथलं कोणी ना कोणी आलं होतं. जर्मन डॉक्टर या सगळ्यांचा होता. सित्राच्या कारखान्यांत कामावर भाजलेली कितीतरी पोरं त्याच्या हाताखालून गेली होती. आज तो देश सोडून चालला होता आणि इस्पितळानं त्याला निरोप द्यायचा घाट घातला होता. आधी तो आपल्या आयुष्याबद्दल बोलणार, मग चहा, मग आपल्या कामाबद्दल बोलणार, असा बेत होता.

तिसऱ्या रांगेत हुस्ना बसली होती, मआमीरमधल्या घराची शेजारीण. "काय गो शरीफा, आज नवरीसारखी सजून आलीस!"

"नवऱ्या काय तुझ्यासारख्या असतात?" शरीफुन्निसा म्हणाली. "लिपस्टिक दाताला लागलीय, पूस आधी."

तिची जीभ अशीच. तिला कारणही होतं. लग्न होऊन दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा दाभोळच्या घरात स्टोव्ह भडकला आणि तिचा उजवा गाल, हनुवटी, गळा सगळं एक झालं. कातडी आकसली, खालचा ओठ गळ्याकडं ओढला गेला. जेवताना तोंडातलं बाहेर यायचं. कोकणातल्या मुसलमान बायका डोकं झाकतात, तोंड झाकत नाहीत. शरीफुन्निसानं मात्र त्या दिवसापासून नकाब घेतला. लोक म्हणाले, मोठी दीनदार झाली. ती म्हणाली, तसंच समजा. तोंड दाखवायचं नाही म्हटल्यावर तिनं जीभ चालवली, आणि अशी चालवली की नवरा मेल्यावर दीर-जावांपैकी एकाचीही तिच्या हिश्शाच्या वाटेला जायची हिंमत झाली नाही. ते तोंड आईनं पाहिलं, नवऱ्यानं पाहिलं, नझीरनं पाहिलं. सुनेच्या, अजराच्या, बाळंतपणात उपयोगी पडायला म्हणून ती बहारीनला आली तेव्हा तिलाही नाइलाजानं दाखवावं लागलं. बस. त्यापलीकडं कुणी नाही.

मग नझीर एक दिवस तिला त्या जर्मनाकडं घेऊन गेला.

प्रोफेसर लुडगर होल्टमान उंच, वाकलेला, कानांतून पांढरे केस आलेला म्हातारा होता. त्याची एक रीत होती. आधी चेहऱ्यावर निळ्या शाईनं रेघा मारायच्या, मग समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून फोटो काढायचे, आणि मगच सुरी हातात घ्यायची. फोटो नाही तर सुरी नाही.

शरीफुन्निसानं नकाब काढण्याआधीच नझीरला सांगितलं, "बोल त्याला. इलाजासाठी डॉक्टरला तोंड दाखवलं तर गुनाह नाय, मी मौलवींना विचारून आलेय. पण फोटो त्याच्याजवळच राहिले पायजेत. दुसऱ्या कुठल्या पुरुषानं ते बघता कामा नयेत. कबूल असेल तर कर म्हणावं. नसेल तर मी चालले, हाय तसं तोंड घेऊन."

नझीर इंग्रजीत बोलला. बराच वेळ बोलला. प्रोफेसरनं काहीतरी विचारलं, तिच्याकडं बघत. नझीरनं उत्तर दिलं. प्रोफेसरनं परत विचारलं, परत तिच्याकडं बघत. मग त्यानं छातीवर हात ठेवला आणि तिच्यापुढं मान झुकवली.

"काय म्हणतो?"

"कबूल हाय म्हणतो."

तिनं नकाब काढला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ना कीव दिसली, ना किळस. बांधकामावरचा मिस्त्री ढासळलेल्या भिंतीकडं बघतो तसा तो बघत होता. तिला ते आवडलं.

मग सुरू झालं ते गळ्यातल्या पिशवीचं प्रकरण. गळ्याच्या ज्या बाजूची कातडी शाबूत होती, तिच्या आत प्रोफेसरनं एक रबरी पिशवी बसवली. दर आठवड्याला तिच्यात सुईनं मिठाचं पाणी भरायचं. पिशवी फुगायची, वरची कातडी ताणत ताणत वाढायची. ती पुरेशी वाढली की वर ओढून गालावर बसवायची. महिनोन् महिने शरीफुन्निसाचा गळा पावसाळ्यातल्या बेडकासारखा फुगलेला होता. पाणी भरताना तिनं तोंडातून शब्द काढायचा नाही, मान हलवायची नाही, असा हुकूम होता. तिच्यासारखीला गप्प बसवायचं म्हणजे काय खाऊ आहे? म्हणून प्रोफेसरच बोलत राहायचा, हळूहळू, सुई धरून, आणि नझीर मराठीत सांगत राहायचा.

असं करत करत तिला त्या माणसाचं सगळं आयुष्य माहीत झालं. बाप नदीकाठचा गिरणीवाला. लढाईवर गेला आणि हनुवटीशिवाय परत आला. घरात भिंतीकडं तोंड करून जेवायचा. पोरांना ताकीद होती, बाबाकडं बघायचं नाही. बाप मेला तेव्हा हा अकरा-बारा वर्षांचा होता, आणि त्याला बापाचं तोंड आठवेना, कारण कधी बघूच दिलं नव्हतं. म्हणून हा तोंडांचा डॉक्टर झाला. कातडीखाली पिशवी फुगवायची कल्पना काढली तेव्हा मोठ्या इस्पितळातला त्याचा साहेब सगळ्यांसमोर त्याला फुगेवाला म्हणाला. विद्यार्थी हसले. एका बाईची कातडी सडली, ती आयुष्यभर त्याच्या मनाला लागून राहिली. पण पुढं त्याच साहेबानं आपली भाजलेली भाची त्याच्याकडं पाठवली. मग तो प्रोफेसर झाला, परदेशातली पोरं त्याच्याकडं शिकायला यायला लागली. बायको वारली, मूल नव्हतं. नोकरीतून मोकळा झाल्यावर इथं आला.

शरीफुन्निसा सगळं ऐकायची. भिंतीकडं तोंड करून जेवणं म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि दर वेळी उठताना नझीर सांगायचा, "आये, तो म्हणतो, शरीफुन्निसासारखी धीराची बाई त्यानं जर्मनीतसुद्धा बघितली नाय." ते वाक्य ती घरी न्यायची आणि आठवडाभर पुरवायची.

शेवटी नवं तोंड मिळालं. सुंदर नव्हे, पण तोंड. ओठ मिटायचे, घास आत राहायचा. तिनं नकाब काढून टाकला आणि उघड्या तोंडानं सूकच्या बाजारात मासळी घ्यायला गेली. नवं तोंड सगळ्यांनी बघावं. जुनं तिचं एकटीचं होतं, आणि डॉक्टरच्या कपाटातलं.

हॉलमधले दिवे मंद झाले. शरीफुन्निसाच्या शेजारी अरुणा बसली होती, पुण्याची, इस्पितळात व्यायाम शिकवणारी. वर्षभरापूर्वीच आलेली. गळ्याची कातडी मऊ राहावी म्हणून ती शरीफुन्निसाला मालीश शिकवायची, तेव्हापासून दोघींची गट्टी होती. "मावशी, मी सांगत जाते हं हळूच," अरुणा म्हणाली.

"सांग गो. नझीर तर पुढं मिरवतोय."

खरंच मिरवत होता. स्लाइड दाखवायच्या मशीनजवळ, नव्या कोटात. सित्राच्या कंपनीत कारकून असला तरी कोकणातले पेशंट आले की इस्पितळ त्यालाच बोलवायचं, दुभाषा म्हणून. त्याचा साहेबही आज आला होता.

पडद्यावर नदी आली, गिरणी आली. प्रोफेसरच्या आईबापांचा लग्नातला फोटो आला. बाप देखणा होता. मग पडदा काळा झाला आणि म्हातारा त्याच्याकडं बोट करून बोलू लागला.

"यानंतर वडिलांचा एकही फोटो नाही म्हणतायत," अरुणा कुजबुजली. "घरच्यांनी काढूच दिला नाही. लाज वाटायची. सर म्हणतात, जे तोंड लपवतात ते कुणी शिकत नाही, आणि जे शिकत नाहीत ते दुरुस्त होत नाही. म्हणून मी आयुष्यभर फोटो काढत आलो."

शरीफुन्निसानं मान डोलावली. म्हातारा खरं बोलत होता.

मशीन खट् वाजलं.

पडद्यावर एक बाई आली. भिंतीएवढी. डोक्यावर कपडा नाही, केस मागं बांधलेले, गाल विरघळून गळ्यात उतरलेला, खालचा ओठ उलटा, दात उघडे, आणि सगळ्यावर निळ्या रेघा. हॉलमधून एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला. शरीफुन्निसालाही वाटलं, अरे अल्ला, कोण ही बिचारी. आरशाशी तिनं जन्मभर वैर धरलं होतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. मग तिनं डोळे ओळखले.

मागून हुस्नाचा आवाज आला, "या अल्ला, ही तर..." आणि कुणीतरी तिला गप्प केलं. ते गप्प करणं जास्त लागलं.

अंधारात अरुणानं तिचा हात धरला. पोरीचे डोळे भरून आले होते. "मावशी, केवढं मोठं मन हो तुमचं! सर म्हणतायत, या बाईंना मी पुन्हापुन्हा विचारलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मुलाकरवी सांगितलं, माझं तोंड साऱ्या जगाला दाखवा, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. म्हणून माझ्या पुस्तकात पहिलं चित्र त्यांचं आहे."

शरीफुन्निसानं हात सोडवून घेतला. "काय सांगितलं मी?"

अरुणानं परत सांगितलं. शरीफुन्निसानं मशीनजवळ उभ्या असलेल्या नझीरकडं बघितलं. तो पडद्याकडं बघत नव्हता. बुटाकडं बघत होता.

दिवे लागले. लोक चहाकडं वळले. जाताना जमातीतले पुरुष तिच्यासमोरून खाली मान घालून गेले, मयतीच्या घरातून जातात तसे. कालपर्यंत हेच लोक "खाला, सलाम" म्हणून थांबायचे.

ती उठली. नझीर धावत आला. "आये, ऐक, घरी गेल्यावर बोलू."

"बाजूला हो."

"तुला प्रोफेसरशी बोलायचं असेल तर मी सांगतो ना..."

"तू?" ती म्हणाली. "तू आता माझ्या वतीनं पाणीसुद्धा मागू नकोस. अरुणा, चल गो."

प्रोफेसर कप हातात घेऊन उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, छातीवर हात गेला. शरीफुन्निसा म्हणाली, "विचार त्याला, पहिल्या दिवशी ह्या पोरानं माझ्या नावानं काय सांगितलं."

अरुणानं विचारलं. त्यानं सांगितलं, अगदी सावकाश, आनंदानं. तेच, जे अंधारात ऐकलं होतं.

"आता त्याला सांग, मी काय म्हणाले होते. मी म्हणाले होते, फोटो तुझ्याजवळ ठेव, दुसऱ्या कुठल्या पुरुषाला दाखवायचे नाहीत. त्या बोलीवर नकाब काढला मी."

अरुणा अडखळत, लाल होत बोलली. म्हाताऱ्याचा कप बशीवर वाजला. त्यानं नझीरकडं बघितलं. नझीर इंग्रजीत काहीतरी बोलायला गेला, तर प्रोफेसरनं नुसता तळवा उचलला. मग तो अरुणाशी बोलला, हळू.

"सर म्हणतात, फोटो दाखवायची परवानगी नसती तर त्यांनी ऑपरेशन केलं नसतं. त्यांचा नियमच आहे. म्हणतात, मला वाटत होतं मी तुम्हाला काहीतरी दिलं. आता कळतंय मी चोरी केलीय."

"चोरी त्यानं नाय केली. पुस्तक कुठवर गेलंय विचार."

गेलं होतं. बऱ्याच देशांत गेलं होतं. परत बोलावता येत नव्हतं. नवं छापताना ते चित्र काढून टाकीन, असं तो म्हणाला.

"आणि हे विचार," शरीफुन्निसा म्हणाली, आणि विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं, "पिशवी भरून झाली की दर वेळी तो माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

प्रोफेसर गोंधळला. आठवून म्हणाला, बहुतेक हेच, की आईंना सांगा, जरा कमी बोला, टाके ताणतात.

अरुणानं ते सांगताना नजर खाली वळवली. शरीफुन्निसा हसली. हसली म्हणजे नाकातून वारा सोडला.

"आये," नझीर कळवळून म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून सांगायचो मी ते. आणि फोटोचं खरं सांगितलं असतं तर तू उठून चालली असतीस. तोंड मिळालं ना तुला?"

"तुला माझं तोंड कशाला हवं होतं रे एवढं?"

"माझ्या घरी माणसं यायची. साहेब यायचा. अजराच्या माहेरची यायची. तू आत बसायचीस, आतून तो जेवणाचा आवाज यायचा. सगळे विचारायचे, आतमध्ये कोण हाय. मी काय सांगणार?" त्याचा आवाज फाटला. "लाज वाटायची मला."

तिला वाटलं होतं, पोराला आईचा घास सांडलेला बघवत नाही म्हणून तो डॉक्टरकडं घेऊन आला. ते तिनं इतकं सहज मानून टाकलं होतं की कधी मनात विचारलंसुद्धा नव्हतं.

"चहानंतर अजून आहेत ना माझे फोटो?" तिनं अरुणाला विचारलं.

होते. पिशवीचे, गळ्याचे, पाचही बाजूंनी. अरुणा म्हणाली, "मावशी, सरांचा पुढचा सगळा भाग तुमच्याच केसवर आहे. त्यांची सगळ्यांत मोठी केस. तीच नसेल तर त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही."

"आये, आता तमाशा नको," नझीर पुटपुटला. "एकदा बघितलंच ना लोकांनी. साहेब बसलाय. म्हाताऱ्याचा शेवटचा दिवस हाय."

प्रोफेसरनं मात्र कप खाली ठेवला. विनवलं नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. या वेळी तो तिला विचारत होता, आणि मध्ये नझीर नव्हता. त्याच्या उभ्या आयुष्याचा शेवट तिच्या एका शब्दावर अडला होता, हे तिला कळत होतं. तिला त्याची माया होती. तरीही.

"काढून टाक म्हणावं," ती म्हणाली. "सगळे."

म्हातारा स्वतः मशीनजवळ गेला. गोल डब्यातून एकेक छोटी चौकट चिमटीत धरून काढली, कोटाच्या खिशात टाकली. कुणाला हात लावू दिला नाही.

दिवे परत मंद झाले. शरीफुन्निसा पहिल्या रांगेतच बसली. लोकांना वाटलं होतं, ती निघून जाईल. मशीन खट् वाजलं आणि पडद्यावर नुसता पांढरा चौकोन आला. प्रोफेसर त्याच्यासमोर उभा राहून बोलू लागला. परत खट्, परत पांढरा चौकोन. मागं कुजबुज झाली. बडे लोक एकमेकांकडं बघू लागले. म्हातारा दोनदा अडखळला, हातातल्या कागदात शोधलं, मग कागद ठेवून दिला. खिशातून निळं पेन काढलं आणि आपल्याच गालावर, आपल्याच गळ्यावर रेघा ओढत समजावू लागला, कातडी कुठून उचलायची, कुठं बसवायची. रेघा वाकड्या येत होत्या. एक तरणा डॉक्टर हसला. शरीफुन्निसानं वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंडावर रुमाल धरला.

शेवटपर्यंत ती त्या पांढऱ्या उजेडात ताठ बसून राहिली.

टाळ्या पडल्या, पण तुटक. प्रोफेसर तोंडावरची शाई तशीच ठेवून निघाला. तिच्यासमोर आला, छातीवर हात ठेवून झुकला. तिनंही ओढणी सावरून मान लववली. त्याला माफ करायला तिला शब्द लागले नाहीत.

बाहेर दारात नझीर उभा होता. लोक निघून गेले होते. "आये, चल. अजरा जेवायची थांबलीय."

ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली, अरुणा तिच्या मागोमाग.

"मी काय एवढं वाईट केलं?" तो म्हणाला. "आज तू चारचौघांत बसतेस, जेवतेस, लोकांना टोमणे मारतेस. कुणामुळं?"

"मला विचारून केलं असतंस तर?"

"तू नाय म्हणाली असतीस."

"मग नाय म्हणाली असते," शरीफुन्निसा म्हणाली. "आणि तुला लाज वाटली असती, वाटू दे की. माझं जळलेलं तोंड मी सांभाळलं असतं. तेवढं एकच होतं माझ्याकडं, जे कुणाला दाखवायचं ते माझ्या हातात होतं."

तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा बाप्या, नव्या कोटात. ती आई होती, हात पुढं गेलाही असता. पण तो रडतोय की रडून दाखवतोय, हे आता तिला सांगता येईना, आणि आपल्या पोराबद्दल हे सांगता न येणं तिला त्या पडद्यावरच्या तोंडापेक्षा भयंकर वाटलं.

"अरुणा," तिनं हाक मारली, "तू मला दाभोळला फोन लावून देशील? माझ्या भावाला. मी स्वतः बोलेन. परतीचं तिकीट काढायचंय."

"आये, मी लावतो ना फोन," नझीर म्हणाला.

ती तोवर अरुणाच्या गाडीकडं चालायला लागली होती.